अनुबोधपटासाठी कॅमेऱ्याची निवड

१९७२ च्या दुष्काळाला पन्नास वर्षे उलटून गेली. पाझर तलावांच्या कामावर मातीच्या पाट्या वाहणारी, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी आणि सुकडीवर दिवस काढणारी त्या वेळची विशीतील माणसे आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती आणि त्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. कामांची संख्या, मजुरीचे दर, खर्ची पडलेली रक्कम हे सर्व शासकीय अहवालांत नमूद आहे. परंतु पाटी डोक्यावर घेऊन बांध चढताना काय वाटे, मिलोची भाकरी कशी लागे, तान्ह्या मुलाला कामावर कोठे निजवीत, हे कोणत्याही अहवालात नाही. ते सांगणारी माणसे अद्याप गावोगावी आहेत. दर वर्षी ती कमी होत आहेत.

अशा आठवणींचे चित्रण करून त्यांचा छोटा अनुबोधपट तयार करावा, असा विचार आज अनेक शाळा व ग्रामपंचायती करू लागल्या आहेत. पाणलोटाची कामे, ग्रामसभा, गावची जत्रा, नामशेष होत चाललेले व्यवसाय हेही त्यांचे विषय असतात. माहिती खात्यातील आम्हां मंडळींना अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो कॅमेऱ्याचा. रक्कम थोडी आहे, कोणता घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर शक्य तितक्या सोप्या भाषेत देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक चूक सांगून टाकणे बरे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक दोन सहकाऱ्यांसह एका दुष्काळी तालुक्यातील पाझर तलावावर चित्रणासाठी गेला होता. हा तलाव ज्यांच्या हातांनी झाला, त्यांपैकी एक वृद्ध बाई आमच्याबरोबर बांधावर आल्या. ज्या जागी त्या खडी फोडीत बसत, नेमक्या त्या जागी बसून त्या पाऊण तास बोलल्या. कॅमेरा नवा होता, चित्र स्वच्छ दिसत होते. बोलणे संपल्यावर त्यांनी विचारले, ‘‘साहेब, आलं का समदं?’’ आम्ही मोठ्या विश्वासाने होकार दिला. कचेरीत येऊन पाहतो तो चित्र उत्तम, आणि आवाजाच्या जागी वाऱ्याचा सारखा घोंघावणारा नाद! कॅमेऱ्याला बाहेरचा माईक जोडण्याची सोय नव्हती आणि कानाला लावून ऐकण्याचीही नव्हती. पावसाळ्यानंतर पुन्हा जाण्याचे ठरले. आम्ही गेलो तेव्हा बाई राहिल्या नव्हत्या. पाऊण तासातून जेमतेम दोन-तीन वाक्ये लागण्याजोगी निघाली.

तो कॅमेरा वाईट नव्हता. आमच्या कामासाठी तो चुकीचा होता, आणि निवड आम्हीच केली होती. दरपत्रके पाहताना आमचे लक्ष चित्रबिंदूंच्या आकड्यांवर खिळले होते; आवाजाविषयी एकही प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

आधी विषय, मग यंत्र

काय टिपावयाचे आहे हे ठरल्याशिवाय कॅमेरा ठरत नाही. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे कुस्तीच्या सामन्याचे चित्रण केले. आपल्या देशातील अनुबोधपटाचा इतिहास तेथून सुरू होतो, असे मानावयास हरकत नाही. त्यांच्यापुढे उघड्या मैदानातील, भर उजेडातील विषय होता आणि हाताने फिरविण्याचा कॅमेरा त्याला पुरेसा होता. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, तेव्हा भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. तेथे कॅमेरा एका जागी स्थिर राहणे हेच महत्त्वाचे होते.

यंत्र हाताळण्यास विशेष शिक्षण लागते, हा समजही खरा नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ या श्रमजीवी स्त्रियांच्या संघटनेत १९८४ मध्ये काही सभासदांना व्हिडिओ चित्रणाचे शिक्षण देण्यात आले. त्यांतील कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आपल्याच व्यवसायांवर आणि प्रश्नांवर चित्रफिती तयार केल्या, आणि ‘व्हिडिओ सेवा’चे काम उभे राहिले. त्या काळची यंत्रे आजच्या मानाने जड व अवघड होती. तेव्हा आमच्या शिक्षकांनी किंवा ग्रामपंचायतीच्या तरुण सदस्यांनी बिचकण्याचे कारण नाही.

हाय डेफिनिशनचा हिशेब

टेलिव्हिजनच्या जुन्या पद्धतीत, जी आपल्याकडे ‘पाल’ या नावाने रूढ होती, डिजिटल चित्र ७२० आडवे व ५७६ उभे अशा बिंदूंचे असे. हाय डेफिनिशनच्या पूर्ण दर्जात ते १९२० व १०८० असे असते. गुणाकार केल्यास पहिले सुमारे ४ लाख १५ हजार आणि दुसरे सुमारे २० लाख ७४ हजार, म्हणजे बरोबर पाचपट बिंदूंचे होते. अलीकडे ज्याचा बोलबाला आहे ते ‘फोर-के’ चित्र याच्याही चौपट.

शाळेतील प्रोजेक्टर, पंचायत समितीच्या सभागृहातील पडदा, घरातील दूरदर्शन संच या सर्वांना हाय डेफिनिशन पुरेसे आहे. फोर-के वाईट नाही. पुढे चित्राचा काही भाग मोठा करून घेता येतो, हा त्याचा लाभ आहे. परंतु त्याला साठवणुकीची जागा चौपट लागू शकते आणि संकलनासाठी अधिक शक्तिमान संगणक लागतो. कचेरीतील जुन्या संगणकावर ते अडखळत चालते. विक्रेता ‘चोवीस मेगापिक्सेल’ असे अभिमानाने सांगतो, तो आकडा स्थिर छायाचित्राचा असतो. एच. डी. चित्रणाला लागतात सुमारे २० लाख बिंदू, म्हणजे दोन मेगापिक्सेल. हे ध्यानात ठेवले तर जाहिरातीतील बराचसा भाग वाचावाच लागत नाही.

आवाज

प्रेक्षक किंचित अंधुक चित्र सहन करतो, पण न कळणारे बोलणे सहन करीत नाही. गावातील पडद्यावर अनुबोधपट दाखविताना याचा प्रत्यय वारंवार येतो. शब्द ऐकू येईनासे झाले की पाच मिनिटांत लोक आपसांत बोलू लागतात. ज्या अनुबोधपटाचा जीव माणसांच्या बोलण्यात आहे, त्याच्यासाठी कॅमेऱ्याची निवड आवाजापासून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उघड्या जागी आवाज पसरतो तेव्हा अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. कॅमेऱ्यातच बसविलेला माईक बोलणाऱ्यापासून सात-आठ फुटांवर असतो. वारा, मोटारसायकल, शेजारची पिठाची गिरणी आणि कॅमेरा धरणाऱ्याची बोटे मात्र त्याला जवळची असतात. हनुवटीपासून एक वीत खाली, पदराला किंवा सदऱ्याला लावलेला लहानसा माईक हे काम कितीतरी चांगले करतो. म्हणून कॅमेऱ्याला बाहेरचा माईक जोडण्याचे छिद्र आहे किंवा नाही, हा पहिला प्रश्न. हेडफोन लावण्याचे छिद्र आहे काय, हा दुसरा. ज्या कॅमेऱ्याला हेडफोन लागत नाही, त्याच्याने चित्रण करणे म्हणजे चव न घेता पंगतीला आमटी वाढणे होय.

तिसरा प्रश्न आवाजाची पातळी हाताने ठरविता येते काय, हा. स्वस्त कॅमेऱ्यांत ती आपोआप ठरते. त्याचा परिणाम असा की, बोलणारा आठवणीने थांबला, गप्प झाला, की यंत्र आपणहून पातळी वाढविते आणि पंख्याची घरघर मोठी होऊन पुढे येते. अशा मुलाखतीत पुष्कळदा तो गप्पपणाच मोलाचा असतो.

साधा माईक साडेतीन मिलिमीटरच्या छोट्या जोडणीने लागतो आणि बहुतेक कामांना तो पुरतो. रक्कम थोडी अधिक असेल तर एक्सएलआर नावाची तीन टाचण्यांची जोडणी असलेला कॅमकॉर्डर पाहावा. तिची तार लांब नेली तरी विजेचा गुणगुणाट शिरत नाही, ती हिसक्याने निसटत नाही, आणि माईकला लागणारी ४८ व्होल्टची वीजही कॅमेऱ्यातूनच मिळते. कॅननच्या एक्सए मालिकेत वरच्या दांड्यावर अशी सोय असलेले कॅमकॉर्डर आले. इतर कंपन्यांचेही त्याच वर्गातील कॅमेरे असतात.

वाऱ्यासाठी माईकवर स्पंजाची टोपी व तिच्यावर केसाळ कापडाची खोळ चढवावी. तलावाच्या बांधावर नुसत्या स्पंजाने भागत नाही. आणि असलेल्या कॅमेऱ्याला माईकची सोयच नसेल तर? तर बोलणाऱ्याच्या खिशात छोटे ध्वनिमुद्रण यंत्र किंवा माईक जोडलेला मोबाईल ठेवावा, आणि चित्रण सुरू होताच कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. संकलनाच्या वेळी टाळीचे चित्र व टाळीचा आवाज जुळविला की पुढचे सर्व जुळते. ही युक्ती आम्हांला त्या बांधावर सुचली असती तर!

उजेड आणि भिंग

जुन्या घरातील माजघर आणि तेथे खिडकीतून येणारा उजेड डोळ्यासमोर आणावा. लहान कॅमेऱ्याचे चित्र येथे काळवंडते आणि त्यावर बारीक दाणे नाचू लागतात. याला कारण दोन. एक, प्रकाश ग्रहण करणाऱ्या सेन्सरचा आकार. दोन, भिंगाचे तोंड. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात सुमारे १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो (हे नाव जुन्या काळच्या कॅमेऱ्यातील काचनळीच्या व्यासावरून पडले, त्यामुळे इंचाचा शब्दशः अर्थ घेऊ नये). १/२.३ इंची म्हणून विकला जाणारा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळ काढले तर पहिला दुसऱ्याच्या चौपट भरतो. अंधाऱ्या घरात हा फरक लगेच दिसतो.

भिंगावर एफ हे अक्षर व त्यापुढे आकडा असतो. आकडा जितका लहान, तितका उजेड अधिक. एफ १.८ चे भिंग एफ ३.६ च्या भिंगापेक्षा चौपट उजेड आत घेते. मात्र झूम करून दूरचे जवळ आणले की बहुतेक कॅमकॉर्डरचे हे तोंड लहान होत जाते. म्हणून घरात झूम न करता माणसाजवळ जाऊन बसावे. झूमच्या बाबतीत फक्त ‘ऑप्टिकल’ हा आकडा विचारात घ्यावा. ‘डिजिटल’ झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठे करणे. तो आकडा हजाराचा असला तरी कवडीमोलाचा समजावा. उलट बाजूने, भिंगाचा आवाका किती रुंद आहे याकडे सहसा कोणी पाहत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी आजोबा आणि त्यांच्या हातातले काम एका चौकटीत मावत नाही, असा अनुभव येतो. ३५ मिलिमीटर छायाचित्रणाच्या मापाने २८ ते ३० मिलिमीटरपासून सुरू होणारे भिंग सोयीचे पडते.

फोकस व उजेड हे दोन्ही हाताने ठरविता आले पाहिजेत. स्वयंचलित फोकस बोलणाऱ्याच्या मागून जाणाऱ्या बैलगाडीकडे धावतो.

पन्नास आवर्तनांची गोष्ट

ही बाब लहान आहे, पण तिच्यामुळे संपूर्ण चित्रण वाया गेल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडील वीज दर सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. त्यामुळे चोक असलेली ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होते. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे घेत असेल, तर त्याची गती या आवर्तनांशी जुळते. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची असल्याने तेथील बाजारासाठी बनविलेले कॅमेरे सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे घेतात. परदेशातील आप्ताने प्रेमाने आणलेल्या अशा कॅमेऱ्याने शाळेच्या वर्गात चित्रण केले की चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. कित्येक कॅमेऱ्यांत दोन्ही पद्धतींची निवड करता येते. खरेदीपूर्वी ती करून पाहावी. ते शक्य नसेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला म्हणजे पट्टे बहुधा जातात. संकलन झाल्यावर ते घालविणे फार कठीण असते.

ग्रामसभा संपेपर्यंत

छायाचित्रणाच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत सलग चित्रणाला २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा घातलेली असे. युरोपात ३० मिनिटे वा अधिक चित्रण करणारे यंत्र ‘व्हिडिओ कॅमेरा’ म्हणून वेगळ्या जकातीस पात्र ठरे, हे त्याचे मूळ. जुन्या मालात ही मर्यादा आजही आढळते. शिवाय असे कॅमेरे उन्हाळ्यात तापून मध्येच बंद पडतात. आपली ग्रामसभा अर्ध्या तासात आटोपत नाही, आणि आटोपली तर त्याचीच चौकशी करावी लागेल! येथे खरा कॅमकॉर्डर उपयोगी पडतो. तो याच कामासाठी घडविलेला असतो. घरगुती कॅमकॉर्डरची मॉडेले पूर्वीच्या मानाने थोडी राहिली आहेत, तरीही त्याची बॅटरी, झूम आणि हातात बसण्याची ठेवण या कामी श्रेष्ठ आहे.

एव्हीसीएचडी ही मुद्रणपद्धती सोनी व पॅनासॉनिक या कंपन्यांनी २००६ मध्ये आणली. तिच्यात सेकंदाला २४ मेगाबिट या दराने ताशी सुमारे ११ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर जवळजवळ तीन तास मावतात. १६ मिलिमीटरच्या फिल्मची १०० फुटी गुंडाळी अवघी २ मिनिटे ४६ सेकंद चाले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. तेव्हा प्रत्येक फूट जपून वापरीत. आज कार्ड भरत नाही म्हणून मनुष्य थांबत नाही, आणि संकलनाला बसल्यावर सहा तासांच्या ढिगाऱ्यातून वीस मिनिटे शोधताना जेरीस येतो.

टेपवर चालणारे जुने कॅमेरे अद्याप स्वस्तात मिळतात. २००३ साली आलेल्या एचडीव्ही पद्धतीचे कॅमेरे मिनी डीव्ही टेपवर उत्तम चित्र देत. पण टेप मिळविणे, ती संगणकात उतरविणारी जोडणी आणि बिघडल्यास दुरुस्ती या तिन्ही गोष्टी आता दुर्मिळ आहेत. भेट म्हणूनही असा कॅमेरा स्वीकारताना विचार करावा. घरी जुन्या टेपा असतील तर मात्र, यंत्र चालते आहे तोवर, त्या उतरवून घ्याव्यात.

खिशातील मोबाईलचे काय, असे कोणी विचारील. दिवसाउजेडी तो सुरेख चित्रण करतो, आणि माईक जोडून व तिपाईवर बसवून त्याच्यावर अनुबोधपट करता येतो. रक्कम फारच थोडी असेल तर ती मोबाईलसाठी चांगला माईक घेण्यात खर्चावी, हे हलका कॅमकॉर्डर घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. दोन गोष्टी सांभाळाव्यात. बहुतेक मोबाईलमध्ये चित्रांची गती कमी-अधिक होत असते, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ व आवाज यांची फारकत होते. गती स्थिर ठेवणारे ॲप वापरावे. आणि चित्रण चालू असता फोन येऊ देऊ नये.

मागणीपत्रात काय लिहावे

शासकीय खरेदी जेम संकेतस्थळावरून होवो अथवा दरपत्रके मागवून, ‘एच. डी. व्हिडिओ कॅमेरा, नग १’ एवढेच लिहिले तर सर्वांत कमी दराचा कॅमेरा येतो आणि त्याबद्दल कोणास दोष देता येत नाही. तपशिलात असे लिहावे: बाह्य माईक व हेडफोन यांच्या जोडण्या; ध्वनिपातळी, फोकस व उजेड हाताने ठरविण्याची सोय; सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे; ऑप्टिकल झूम व ऑप्टिकल स्थिरीकरण; काढता-घालता येणारी बॅटरी; जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा जवळच्या शहरात दुरुस्तीची सोय. तिपाई, माईक, हेडफोन, दोन जादा बॅटऱ्या, कार्डे व साठवणुकीच्या दोन डिस्का याच मागणीत घालाव्यात. कॅमेरा या आर्थिक वर्षात आणि तिपाई पुढच्या, असा प्रकार मी पाहिला आहे. मधले वर्षभर कॅमेरा कपाटात होता. हाती शंभर रुपये असतील तर कॅमेऱ्यावर पंचावन्नाहून अधिक खर्चू नयेत, वीस आवाजावर, दहा तिपाईवर आणि उरलेले बाकीच्या साहित्यावर ठेवावेत, असा माझा ढोबळ हिशेब आहे.

शक्य असल्यास पैसे देण्यापूर्वी कॅमेरा दुकानातील सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात न्यावा, एकास बोलावयास सांगावे, दोन मिनिटे चित्रण करावे व ते दुकानातील मोठ्या पडद्यावर पाहावे आणि हेडफोनने ऐकावे. मग दाराबाहेर रस्त्यावर येऊन तेच करावे.

चित्रण झाल्यावर त्याच संध्याकाळी कार्डावरील सर्व मजकूर दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरवावा आणि दोन्हींवर तो उघडतो आहे हे पाहूनच कार्ड पुसावे. फाईलच्या नावात गाव, तारीख व विषय असावा. बोलणाऱ्याची लेखी संमती त्यासोबत जपावी. सही येत नसेल तर कॅमेऱ्यासमोरच ती विचारून घ्यावी. एक डिस्क शाळेत राहिली तर दुसरी ग्रामपंचायतीत ठेवावी, एकाच कपाटात दोन्ही नकोत. आणि माणूस उठून जाण्यापूर्वी, तेथेच, त्याच्या देखत, शेवटचे मिनिटभर ऐकून पाहावे.